रेघेखालचा चौकोन

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने आलेखाच्या आडव्या रेघेवर एक चौकोन रंगवला आणि रेघेखाली नेमका तेवढाच दुसरा. तिची आत्या गुडघा चोळत वाकून बघत होती.

“हे रेघेच्या खाली गेलं, म्हणजे पुढे उतार लागला?”

“नाही गं आत्या, हा गाडीच्या वेगाचा आलेख आहे. खाली म्हणजे गाडी उलटी फिरली.”

“आणि रंगवलंस ते?”

“क्षेत्रफळ. उभा वेग, आडवा वेळ. गुणले की अंतर. वरचं पुढे गेलेलं, खालचं मागे आलेलं. वजा केलं की कळतं, निघाली तिथून किती लांब पोचली.”

“दोन्ही सारखेच दिसतायत.”

“म्हणून उत्तर शून्य.”

“अगं, एवढं पेट्रोल जाळून?”

“तू नाही का, ऑपरेशनची तारीख घ्यायला येतेस आणि दारातून परत फिरतेस?”

“चोंबडी! गणित सांग, माझं काढू नकोस.”

“तेच सांगतेय.”

“मग शून्य येऊ नये म्हणून काय करायचं?”

“खालचा चौकोन काढायचाच नाही.”

आतून नर्स आली. “मावशी, गुडघ्याचं काय ठरलं? की पुन्हा ‘नंतर बघू’च?”

“आता बघू-बिघू नाही. तारीख द्या.”