बोकडाच्या दाढीची माशी

मी दाभोळच्या खाडीकाठचा, आमचं घर पाण्याच्या इतकं लगत की भरतीला मागच्या पायरीला पाणी लागायचं, बाप होडीवर, आजा होडीवर, मी पण तिकडंच जायचो, पण मला होडी लागायची, दोन वल्ही मारली की ओकाऱ्या, तर बाप बोलला ह्याला दर्या काय मानवत नाय, ह्याला शिंप्याकडं बसवा, नि मला दापोलीला शिंप्याकडं बसवलंन. दापोलीवरून मुंबई, मुंबईवरून इकडं कुवेतला, सूकमधल्या, म्हणजे इकडच्या बाजारातल्या, बिश्तच्या दुकानात. बिश्त म्हणजे तो झगा ओ, हे अरब लोक लग्नाकार्याला, ईदीला अंगावर घेतात, काळा नायतर तपकिरी, नि त्याच्या गळ्याला सोन्याच्या जरीची किनार. ती किनार मी करतो. सगळी जवानी त्या किनारीत गेली माझी, काय सांगू तुमाला ताई.

तर तुमी माशीचं विचारायला आलाव. ते काम शुक्रवारचं. एक बाबा हाय, मोठा माणूस, जाब्रियाला घर हाय, इकडं घरच्या मोठ्या माणसाला बाबाच बोलतात. जवान असताना शिकायला स्कॉटलंडात होता, तिकडं त्याला मासे मारायचा नाद लागला, तो काय सुटला नाय, अजून दर साली तिकडं जातो. एकदा बिश्त दुरुस्तीला आणलान तेव्हा माझ्या बाजूला स्टुलावर बसून माझी बोटं बघत राहिला, मग बोलला, ह्या बोटांनी तू मला माशा बांधून देशील काय? मी बोललो बाबा, माशा मारतात, बांधतात कुठं? तर दुसऱ्या दिवशी डबाच घेऊन आला. आत पिसांच्या, केसांच्या छोट्या छोट्या बाहुल्या, मागं हूक. फ्लाय बोलतात त्याला, म्हणजे माशीच की.

नि माझी पहिली माशी काय झाली सांगतो. मी होडीवाल्याचा पोर, मला वाटलं मासा म्हणजे खाण्याच्या मागं, म्हणून मी अगदी खरी कोळंबी बनवली, मिशा लावल्या, डोळे लावले, पाठीवर जरीचे वेढे दिले. माझ्या बापानं बघितली असती तर टोपलीत टाकली असती. बाबा हसला, एवढा हसला की डोक्यावरचा रुमाल, गुत्रा, सरकला. बोलला, अरे हा सालमन मासा समुद्रातून नदीत शिरला की खातच नाय, जिथं जन्मला तिथंवर जायचं एवढंच त्याच्या डोक्यात, उपाशीच वर वर जातो. मी बोललो मग तोंड उघडतो कशाला? तर बोलला चिडून. समोरून काय तरी रंगीत सारखं सारखं गेलं की चिडून धरतो.

पण हिवाळा सरताना, तिकडं नदी नुकती उघडते, म्हणजे मासे मारायला मोकळी होते, नि बरफाचं पाणी येत असतं, तेव्हा त्याला चीड पण येत नाय. तळाला दगडासारखा पडून असतो. बाबा बोलतो थंडीनं बधीर होतो, त्याच्या नाकासमोरून गेलं पायजे, नि हळू गेलं पायजे. म्हणून त्या दिवसांतली माशी वेगळी. पितळेची नळी, वजनाला, म्हंजे तळाला बसते, हूक मागं वेगळा. नळीवर काळा रेशमी धागा, त्याच्यावर रुपेरी जर, नि पुढं लांब पिवळा केस, थोडा काळा. केस लांबच हवा, कारण पाणी जोरात असतं, त्यात तो हलला पायजे जिवंत असल्यावाणी.

तो केस दुकानात मिळतो, परदेशी, रंगवलेला. पण मी एकदा घरी फोनवर बोलता बोलता हमीदाला, माझ्या बायकोला, सांगितलं, तर ती बोलली त्यात काय, आपल्या कुर्बानीच्या बोकडाची दाढी फुकट जाते ती पाठवते. नि पाठवलीन. शिकेकाईनं धुवून, हळदीत उकळून, वाळवून, दोऱ्यानं बांधून, पिशवीत. बाबानं पाण्यात टाकून बघितली, बोलला हा पिवळा दुकानातल्यापेक्षा चांगला, दुकानातला ओरडतो. तेव्हापासून दर बकरी ईदीला हमीदा दाढी ठेवायची, गावातल्या बायका हसायच्या, हिचा नवरा कुवेतला बोकडाच्या दाढीचं काय करतो. ती बोलायची, त्याला विचारा.

एकच भानगड होती. ती ते केस स्वतःच्या फणीनं विंचरायची. मी बोललो अगो, तुझ्या डोक्याच्या फणीनं? तर बोलली, मग बोकडाला वेगळी फणी आणू काय? त्यामुळं दर पुडीत तिचे एक दोन केस निघायचे. बोकडाचा केस राठ, तिचा मऊ, चिमटीत धरला की बोटाला लगेच कळायचं, मी तो ओढून काढायचा नि खाली टाकायचा. दर साली. खाली टाकायचा.

गेल्या साली ईदीनंतर हमीदा गेली. काय आजारी नाय, काय नाय, सकाळी चूल पेटवायला उठली ती तिथंच बसली. जावयाचा फोन आला, बोलला मामू, तुमच्यासाठी मय्यत ठेवू काय? मी हिशेब केला, विमान कधी, मुंबई कधी, गाव कधी, नि बोललो नको ठेवू, तिला ताटकळत ठेवू नका. जोहरच्या नमाजानंतर दफन केलंनी. मी त्या दिवशी किनार पुरी केली, सेठ बोलला घरी जा, मी बोललो घरी कुठं जाऊ, तिकडं अबू हलीफाला माझ्या भाड्याच्या खोलीवर जाऊन भिंत बघू? संध्याकाळी जेवलो पण. चव लागत होती. मला वाटलं उद्या रडू येईल, मग वाटलं चाळिसाव्याला येईल. नाय आलं. मी खोटं कशाला बोलू तुमाला.

बोटांचं पण तेव्हाच सुरू झालं. मुंग्या, मग मुंग्या पण नाय. दवाखान्यात डाक्टर बोलला साखर हाय, नसा गेल्यात, सुई टोचलान तरी मला कळलं नाय. तर बोटं अशी, नि आत पण तसंच.

नि मग सलीम, आमच्या शेजारचा, इकडं ड्रायव्हर हाय, रजेवरून आला तो पुडी घेऊन. हमीदानं ईदीलाच बांधून ठेवलेली. हळदीचा वास, नि तिच्या तेलाचा. तिचं म्हणून हातात धरायला माझ्याकडं तेवढंच. फोटो हाय मोबाइलात, पण फोटोला हात लावून काय कळतं? मी पुडी पेटीत ठेवली. बाबाचा फोन आला, नदी उघडायची वेळ आली, माशा कुठं? दुकानातला केस वापरता आला असता. पण मी पुडी काढली नि बांधायला बसलो. का, ते नाय सांगता येत. हातानं काम घेतलं एवढंच.

बाबाच्या घरी खिडकीपाशी टेबल हाय, तिथं बसून बांधल्या सगळ्या, डोक्याला काळं वार्निश दिलं, ओळीनं सुकत ठेवल्या. नि मग बघतो तर एका माशीला एक केस बाकीच्यांपेक्षा लांब. उजेडात धरला. अर्धा काळा, मुळाशी पांढरा, मधे मेंदीची लाली. हमीदाचा. बोटाला कळलाच नाय. धाग्याखाली बांधला गेला, वरून वार्निश बसलेलं, ओढला तर तुटला असता. इतकी सालं खाली टाकले नि हा एक बांधून ठेवला.

मी ती माशी बाजूला घेणार होतो. खरंच घेणार होतो, खिशात घालणार होतो. तेवढ्यात बाबा आला, एकेक उचलून बघितलान, माशाल्ला माशाल्ला, नि सगळ्या डब्यात घालून झाकण लावलान. मला फक्त बोलायचं होतं, बाबा ती एक द्या. चहा पिऊन मी बस पकडली.

बाबा परत आला तेव्हा डबा माझ्यासमोर ठेवलान. सगळ्या होत्या, तेवढीच नव्हती. मी विचारलं ती लांब केसाची? बोलला, तीच सालमननं धरलान ना, थंडगार डोहात, सगळ्यात तळाला, बाकी कुठल्या माशीला तोंड लावलान नाय. मोठा होता, दोर तोडून गेला. बोलला, तसाही सोडूनच द्यायचा असतो, सुरुवातीचा मासा ठेवायचा नाय असा तिकडचा कायदा. मी विचारलं गेला कुठं, खाली समुद्राकडं? बोलला नाय, वर.

तेव्हा मी सांगितलं केस कोणाचा होता ते. बाबा उठून खिडकीपाशी गेला, अल्ला यरहमहा बोलला, म्हणजे अल्ला तिच्यावर रहम करो, मग बोलला वेड्या, मला सांगायचं होतंस, मी ती पाण्यात टाकली नसती. मी बोललो बाबा, हमीदाला मी कधी इकडं आणू शकलो नाय, खाडीच्या पलीकडं ती फार गेली नाय, आता बघा कुठं गेली. हूक गंजून पडेल बोलतात. माशाला त्रास नको, एवढी दुआ मागतो मी.

परवा लेकीचा फोन होता. बकरी ईद आली, बोलली अब्बा दाढी ठेवू काय तुमच्यासाठी? मी बोललो ठेव, बोटं हायत तोवर बांधीन, नायतर कोणाला तरी शिकवीन. बोलली विंचरायला अम्माचीच फणी घेते, पण तिच्यात तिचे केस हायत अजून अडकलेले, काढून टाकू काय?

मी बोललो नको काढू. तशीच फिरव.

एवढं बोललो नि आलं रडू, फोन तसाच हातात, लेक तिकडून अब्बा अब्बा करतेय. बोटांना अजून काय कळत नाय बघा, पण आत तेवढं कळलं.

चहा निवला तुमचा ताई, दुसरा टाकतो. तुमच्या घरी आई हाय ना? अल्ला तिला हयात देवो.