सॅमसंगची सून

नाही नाही, ती जांभळी नको, ती फार भडक आहे – वरची दाखव, मोतिया रंगाची, हां, तीच. आणि पदर उलगड ना जरा. सुनेनं खास सांगितलंय मला, आई, तुम्हीच निवडा म्हणून. तिच्या आईसाठी हवीय. म्हणजे माझ्या विहीणबाईंसाठी. वय? असेल साठीच्या आत-बाहेर. उंची माहीत नाही गं. रंगही – गोऱ्याच असणार, कोरियन आहेत. हो, कोरियन. तू मराठी निघालीस ते किती बरं झालं, मघाशी मालकांशी गुजरातीत बोलत होतीस म्हणून मला वाटलं तूही त्यांच्यातलीच. सोलापूरची? छान. अमेरिकेत आल्यापासून आयसेलिनच्या या देशी बाजारात मी तीस वर्षं येतेय, पण साडीच्या दुकानात मराठीत बोलायची सवयच गेली बघ.

सून कोरियातली कुठली, असंच विचारणार होतीस ना? सगळे तेच विचारतात. रत्नावहिनींनीही तेच विचारलं होतं – माझ्या थोरल्या जाऊबाई, नागपूरला असतात. अकरा वर्षं झाली. मिहीरनं, माझ्या मुलानं, लग्न ठरवलं आणि मी नागपूरला फोन केला. मुलीचं नाव हॅना, कोरियन, पण मिनेसोटात वाढलेली, आईवडील दोघं गोरे, शाळेत शिक्षक – तर म्हणाल्या, शिक्षक गोरे आहेत ना गं, मग मुलगी कोरियन कशी? मी म्हटलं, दत्तक घेतलीय, चार महिन्यांची असताना. झालं. आणि मग – अगं पण मूळची कुणाची? कोरियात कुणाची?

आता काय सांगणार होते मी? मलाच माहीत नव्हतं. मिहीरनं तिचा दत्तकाचा कागद एकदा दाखवला होता, त्यात एक ओळ होती, ‘सॅमसंग-दोंग, सोल’. बाकी काही वाचलं नाही मी. वाचायचंच नव्हतं. माझे एक मामा किर्लोस्करवाडीला नोकरीला होते, कारखान्याच्या नावाचं गाव, माहीत आहे ना तुला? तसंच असेल म्हटलं हे. कंपनीचं गाव. आणि तोंडातून गेलं – सॅमसंगची. एवढंच. एकच शब्द. रत्नावहिनी म्हणाल्या, अगं बाई! सॅमसंगची? त्या ‘अगं बाई’मध्ये असा काही मान होता, की पुढचं वाक्य मी गिळलं.

हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसले असते. मी डॉक्टर गं, पॅथॉलॉजिस्ट. नोकरीची सगळी वर्षं त्याच कामात गेली. एका नावाचे दोन पेशंट आले, तर जन्मतारीख विचारल्याशिवाय स्लाइडला हात लावला नाही कधी. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नसतं, हे ज्युनियर पोरांना मीच शिकवायची. आणि घरच्या मुलीच्या बाबतीत नुसतं नाव पाहिलं आणि रिपोर्ट देऊन मोकळी झाले.

पुढं काय, लोकच वाढवत गेले. नाही – खोटं कशाला बोलू – मीही वाढवलं. वेस्ट विंडसरला आमच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, सॅमसंगवाल्यांची मुलगी मग दुसऱ्याच कंपनीचा फोन कसा वापरते, तर मी म्हटलं, घरच्यांशी जरा वाद आहेत तिचे, विषय काढू नका तिच्यासमोर. बघ, किती हुशार! म्हणजे कुणी तिला विचारणार नाही आणि माझं चालू राहणार. लोक मला पुढच्या रांगेत बसवायला लागले. मला आवडायला लागलं होतं ते, काय सांगू. आणि ही पोरगी, हिला पत्ता नाही – ही दर रविवारी अनयाला, माझ्या नातीला, मराठी शाळेत सोडायची आणि स्वतः मागच्या बाकावर बसून बाराखडी गिरवायची. मला आई म्हणायची. मिहीर मॉम म्हणतो, ही आई म्हणायची.

ही दुसरी पण छान आहे, काठ बारीक आहे. राहू दे इथंच.

मागच्या ऑगस्टात आमच्या ह्यांची पंचाहत्तरी केली आम्ही, एडिसनला हॉल घेऊन. साठ-सत्तर माणसं. रत्नावहिनी खास नागपूरहून आल्या होत्या, आणि त्यांचा भाचा सत्यजित सनीव्हेलहून आला होता. त्याची नोकरी गेली होती. तुला व्हिसाचं माहीत असेलच, साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर सामान बांधायचं. त्याआधी महिनाभर तो मला फोन करत होता, काकू, तुमच्या सुनेच्या घरच्यांकडे शब्द टाकाल का. आणि मी काय म्हणावं? मी म्हणत होते – बघते हं. बघते! त्याच्या साठातले तीस दिवस मी नुसतं ‘बघते’ म्हणून खाल्ले. त्यानं दुसरीकडे धावपळ केली असती ना. माझ्या भरवशावर बसला तो.

तर तो हॉलमध्ये सरळ हॅनापाशी गेला. जेवणाची रांग होती, आजूबाजूला सगळी आमचीच माणसं. हात जोडले त्यानं, म्हणाला, वहिनी, सॅमसंगमध्ये तुमच्या माणसांना माझ्यासाठी एवढं सांगा ना. हॅनाला कळेचना. माझी माणसं? तर रत्नावहिनी म्हणाल्या, लाजू नकोस गं, आम्हाला सगळं माहीत आहे, सासूनं सांगितलंय तुझ्या. मग हॅनानं माझ्याकडे पाहिलं. मी – मी ताटातली कोशिंबीर चमच्यानं इकडची तिकडे करत होते.

तिनं काय करायला हवं होतं? मला उघडं पाडायला हवं होतं. मी असते तर पाडलं असतं. ती अगदी शाळेत शिकवतात तसं, एकेक शब्द नीट लावून म्हणाली – हो, मी सॅमसंगचीच. पण तिथं मला कोणी ओळखत नाही.

लोक हसले. त्यांना वाटलं, टाळतेय. सत्यजितचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन नागपूरला परत गेला तो. आणि रत्नावहिनी आजही सांगतात, मृणालिनीची सून भारी घमेंडी, घरच्या मुलासाठी एक शब्द टाकला नाही. ऐकलंस? नाव तिचं खराब झालं. माझं नाही. माझं काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. ओरडली नाही. बोट ठेवून दाखवलं तिनं. म्हणाली, हे कंपनीचं गाव नाही, सोलमधली वस्ती आहे. तीन जुनी खेडी एक केली म्हणून तसं नाव पडलं. कंपनीच्या नावाचा अर्थ तीन तारे. कोरियन अक्षरं तीच, उच्चार तोच, पण जुनी चिनी अक्षरं वेगळी, अर्थ वेगळा, एकमेकांशी संबंध नाही. मग त्याच्याखालची ओळ दाखवली, जी मी कधी वाचलीच नव्हती. तिथल्या पोलीस चौकीबाहेरच्या बाकावर सापडली होती ती. चार दिवसांची. दुपट्यात चिठ्ठी, त्यावर फक्त जन्माची तारीख आणि वेळ. एवढंच तिचं सॅमसंग.

आणि मग विचारलं तिनं, मराठीत विचारलं – आई, तुम्हाला माझी लाज वाटते?

मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, चहा टाकू का तुला?

हो. हेच म्हटलं. बघ ना. तेव्हापासून ती मला आई म्हणत नाही. वाईट वागते असं अजिबात नाही हं, माझ्या गोळ्या आणून देते, डॉक्टरकडे ड्राइव्ह करून नेते. पण हाक मारायची वेळ आली की म्हणते, ‘अनयाची आजी’. इतक्या अदबीनं म्हणते की तक्रारही करता येत नाही.

मार्चमध्ये तिची जन्मदाती आई सापडली. डीएनए दिला होता हिनं, तो जुळला. सोलला शिवणकामाच्या कारखान्यात होती म्हणे ती बाई तेव्हा, एकोणीस वर्षांची, लग्न झालेलं नव्हतं. आता ग्वांगजूला असते – तेही दोन आहेत म्हणे, एक मोठं शहर दक्षिणेला आणि एक सोलजवळ. हॅनानं तिला पत्रात तीनदा विचारून घेतलं, कुठलं ग्वांगजू. तीनदा! माझ्यासमोरच लिहीत होती. मला बोलली काही नाही, पण मला समजलं. पुढच्या आठवड्यात जातायत ती आणि मिहीर. एकच भेट, दुपारची दोन तास, रेल्वे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात. कारण त्या बाईच्या नवऱ्याला, मुलांना, कुणालाच हॅना माहीत नाही.

आं? काय म्हणालीस? – हो गं. खरंच की. कुठं ठेवणार ती साडी? घरी नेली की कुणीतरी विचारणारच, ही कुणी दिली. माझ्या डोक्यातच आलं नाही. पस्तीस-चाळीस वर्षं जपलेलं त्या बाईचं गुपित, आणि मी तिच्या हातात सहा वार मोतिया रेशीम द्यायला निघाले.

हॅनानं सांगितलं नाही गं मला. मघाशी बोलले ते खोटं होतं. तिला माहीतही नाही मी इथं आलेय. मला वाटलं, छानशी साडी दिली की ती बघेल माझ्याकडे आणि – जाऊ दे. तिच्या आईसाठी नव्हतीच ही. माझ्यासाठी होती.

थांब, उचलू नकोस. एक मिनिट. मी हे तुला का सांगितलं? रत्नावहिनींना सांगायचं होतं हे. सत्यजितला सांगायचं होतं. दहादा फोन हातात घेतला आणि ठेवला. आणि सांगितलं कुणाला, तर तुला – तुझं नावही माहीत नाही मला. चौकी, चिठ्ठी, ती बाई, तिचा कारखाना, सगळं ओतलं. तिचं होतं ते. तिनं कुणाला सांगायचं, केव्हा सांगायचं, तिनं ठरवायचं. आधी अकरा वर्षं तिचं खोटं वाटत फिरले आणि आता खरंही तिला न विचारता वाटलं.

फोन वाजतोय. तिचाच आहे. – हॅलो. हो, हॅना. नाही, मंडळात नाहीये मी. आयसेलिनला आलेय, उबरनं. साडीच्या दुकानात. – तुझ्या आईसाठी. – नाही, घेतली नाही. घेत नाही. – हॅना, ऐक, मी इथल्या मुलीला तुझं सगळं सांगितलं. न विचारता. – हो, चौकीचंही. – नाही गं, या वेळी खरं सांगितलं. – मला त्या दिवशी चहा नव्हता टाकायचा, हॅना. मला – हो, लाज वाटत होती. तुझी वाटत होती. आता माझी – हॅलो? – नको, तू कशाला येतेस, मी परत उबर – बरं. बरं, थांबते.

येतेय म्हणते. अर्धा-पाऊण तास लागेल तिला.

तू जा गं आता. तिकडे कुणीतरी आलंय, बघ त्यांना काय हवंय. मला बसू दे इथं.