कमानीखालची जागा

लाल खडकांच्या उद्यानात तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. खिडकीतल्या माणसानं नुकतंच सांगितलं होतं, मोठी कमान काल संध्याकाळी कोसळली, एक जोडपं खाली गाडलं गेलं.

"अहो आई, काल आपण तिथंच बसलो होतो! तुम्हाला बाथरूमला जायचं नसतं तर..."

"मला जायचं नव्हतं."

"म्हणजे?"

"डोक्यावर काहीतरी करकरलं. लाल माती भुरभुरली माझ्या मांडीवर."

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगून उठली असतीस? आईंचं आपलं काहीतरीच, म्हणाली असतीस. बाथरूम म्हटलं की तणतणत का होईना, उठतेस तू."

"देवा! आणि मी त्या नवराबायकोला हाक मारून जागा दिली. इथं फोटो छान येतो म्हटलं."

"हो."

"त्यांना तरी सांगायचंत, आई!"

"तोंड उघडलंच होतं गं. तू दंडाला धरून ओढलंस मला. म्हणालीस, चला आता, गप्पा कसल्या मारताय? तुम्हालाच घाई होती ना!"