गार पाणी

(मे महिना, रविवार. धोदाणीच्या वरच्या धबधब्यापाशी दोघी बहिणी. झिल्पाचा नवरा हायम कड्यावर गेला आहे.)

झिल्पा : तू घसरलीस आणि त्यांनी माझा हात सोडला.

तमार : ताई, मी पडत होते गं.

झिल्पा : आणि मी पडले. हे लुगडं बघ, गुडघ्यापर्यंत भिजलंय. मी उठेपर्यंत ते तुझा पाय पुसत होते. स्वतःच्या रुमालानं.

तमार : रक्त येत होतं म्हणून.

झिल्पा : माझं कोपर अजून ठणकतंय. विचारलं कुणी?

तमार : बघू, दाखव.

झिल्पा : तू नको बघूस.

तमार : एवढं काय मनाला लावून घेतेस? भर मे महिन्यात इथं पाणी आहे, हेच नशीब. चार घास खाऊ, जरा हसू.

झिल्पा : हसताय की तुम्ही दोघं. बैलगाडीत बसल्यापासून चाललंय.

तमार : शाळेतल्या मुलींच्या गमती सांगत होते. तूही ऐकत होतीस.

झिल्पा : ऐकत होते ना. माझ्याबरोबर जेवताना ते ताटातून मान वर करत नाहीत. तू राहायला आलीस आणि पोस्टातून सरळ घरी यायला लागले. त्याआधी दिवेलागणीशिवाय दिसायचे नाहीत.

तमार : मी काय करू त्याला?

झिल्पा : त्यांच्या घरून आधी तुझ्यासाठी विचारणं आलं होतं. मला ठाऊक नाही असं वाटतं तुला?

तमार : कोणी सांगितलं?

झिल्पा : आईनंच. लग्नाच्या आदल्या दिवशी, मेंदी लावताना. थोरली घरात असताना धाकटी कशी द्यायची, म्हणून मला पुढं केलं.

तमार : मी सोळा वर्षांची होते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

झिल्पा : विचारलं असतं तर?

तमार : पाणी किती गार आहे बघ.

झिल्पा : तमार, मी काय विचारतेय?

तमार : आता त्याचं काय, ताई.

झिल्पा : तू उद्याच जा. रेवदंड्याला, आईकडे. आपला भाऊ मनासे इस्राएलला गेल्यापासून ती एकटीच आहे.

तमार : आणि माझी नोकरी?

झिल्पा : सुट्टी आहे. जूनला अलिबागच्या शाळेत बघ.

तमार : तूच बोलावलंस मला. घर खायला उठतं म्हणालीस.

झिल्पा : म्हणाले होते. आता जा म्हणते.

तमार : बरं.

झिल्पा : डोळे पूस. आले ते.

हायम : वरून थेट खाडीपर्यंत दिसतं. तमार, तू यायला हवं होतंस.

तमार : पाय दुखतोय, भाऊजी. मी पुढं होते, गाडीवानाला बैल जुंपायला सांगते.

हायम : सावकाश उतर. झिल्पा, हिला काय झालं?

झिल्पा : उद्या रेवदंड्याला जातेय. कायमची.

हायम : बरं झालं.

झिल्पा : बरं झालं?

हायम : मीच सांगितलं होतं तिला, मागच्या महिन्यात. आईकडे जाऊन राहा म्हणून. ताईला काय कारण सांगू, म्हणाली, आणि राहिली.

झिल्पा : तुम्ही सांगितलंत? का?

हायम : झिल्पा, ऐक...

झिल्पा : नको. घरी पोचेपर्यंत तरी काही सांगू नका.