प्रस्तावनेतला परिच्छेद

(परभणी. सरकारी दवाखान्यामागचं टायपिंगचं दुकान.)

सिद्धोधन सर: सूफींचं ‘फना’ म्हणजे ‘मिटून जाणं’? मी ‘नाश’ लिहिलं होतं. कोणी बदललं?

तरन्नुम: मीच. नाश न्हाई सर ते. आमचे अब्बा दर्ग्याचे खादिम, सेवेकरी होते, हेच ऐकत वाढले मी.

सिद्धोधन सर: हे बघ, प्रबंध माझा आहे. तू टाइप कर, अक्कल मी पुरवतो.

तरन्नुम: पुरवा की! हितंच लिहिलंय तुमी, ‘बुद्धाची करुणा स्वतःच्या पायावर उभी, सूफींची दया खुदाकडून उसनी.’

सिद्धोधन सर: चुकलं काय त्यात? बुद्धाला दुःख दिसलं की पुरे. तुम्हाला आधी खुदा लागतो, मग माणूस दिसतो.

तरन्नुम: अब्बा म्हणायचे, हक म्हंजे खुदा एकच, त्याच्याबिगर दुसरं कोणी न्हाईच. मंग परका कोण, अन् दया कोणावर करायची?

सिद्धोधन सर: भाबडेपणा नुसता! बुद्ध कितीतरी पुढे गेला. ‘मी’ म्हणूनच काही नाही, तिथं तुमचा खुदा कुठून आणता?

तरन्नुम: वा रे वा! तुमच्यात ‘मी’ न्हाई, आमच्यात परका न्हाई. मंग आठ दिवसांखाली तुमच्या दारात खोली मागायला कोण आलती? अन् आतून ‘तुमच्या लोकांना देत नाही’ म्हणलं, ते कोण?

सिद्धोधन सर: ती... तू होतीस?

तरन्नुम: बुरखा बघितला, बस. पुढं कशाला बघताव! अम्मीचं डायलिसिस चालूय सर, दवाखान्याजवळच खोली पायजे. तीस तारखेला आमाला घर सोडायचंय.

सिद्धोधन सर: शेजारपाजार बघावा लागतो. माझ्या एकट्याच्या हातात थोडंच...

तरन्नुम: अगं बाई! अन् प्रस्तावनेत काय लिहिलंय? ‘गंगाखेडहून शिकायला आलो. आडनाव ऐकलं की लोक दार लावायचे. पंधरा दिवस स्टँडवर झोपलो. करुणा मी तिथं शिकलो.’ टाइप करताना रडले मी. आता त्या रडण्याची लाज वाटायलीय मला.

सिद्धोधन सर: ...तेवढा परिच्छेद काढून टाक.

तरन्नुम: काय?

सिद्धोधन सर: काढ म्हणतो ना. पाचच्या आत विद्यापीठाच्या माणसाकडं द्यायचंय.

तरन्नुम: अन् खोली?

सिद्धोधन सर: प्रिंट दे.

तरन्नुम: काढला. आता एका पानात बसली बघा, सर, प्रस्तावना.