उचलून न्यायची होडी

आमच्या फायबरच्या होडीचं ऐकलंत का? वाळूवर घासून घासून तिचा तळ इतका झिजला, की आतले धागे दिसायला लागले. कंपनीचा माणूस दिघीला किनाऱ्यावर आला, वाकून बघितलं आणि म्हणतो कसा, "वाळूवरून ओढलीत. वॉरंटी मिळणार नाही."

माझी आई उसळलीच. "मंग भरतीला वर घ्यायची कशी?"

"उचलून घ्यायची."

"बरं. भरती येतेच हाय. उचल."

सगळे बघत होते, म्हणून त्यानं आमच्याबरोबर हात लावला. होडी तसूभर उचलेना. पाणी त्याच्या बुटांत शिरलं, तसा तोच ओरडला, "ओढा! ओढा!"

होडी वर आली. आई म्हणाली, "आता लाव फोन तुझ्या सायबाला. सांग, आज कंपनीनंच वढली."