गॅरामाँडची पत्रिका

...नाही, तुमीच सांगा, लग्नाच्या पत्रिकेतल्या अक्षराले पाय कायले पाह्यजेत? कुठं चालत जाऊन राह्यले ते? पण आमची वर्षा! पुण्यात डिझाइन शिकली, नवरदेव तिथलाच, म्हणून पत्रिका इंग्रजीत. बरं बा, इंग्रजीत! दिग्रसले अब्रारभाईच्या प्रेसमंदी गेलो, तो म्हणे, "धावजीभाऊ, अक्षराचे दोन नमुने हायेत. एक नक्षीवाला, एक निवडणुकीवाला." तं हे पोट्टी म्हणते, "नको. गॅरामाँडच पाहिजे!"

मले वाटलं मिठाई हाय!

मंग सुरू... "बा, जवळपास पाचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये गॅरामाँडनं एकेक अक्षर पोलादात कोरलं. टोकांना बघ, कसे नाजूक पाय आहेत!" अब्रारभाई चष्मा पुसून पाहून राह्यला, मीबी पाहून राह्यलो... हायेत बा पाय, पण कायले?

म्या निमंत्रक म्हणून तांड्यातले सत्तेचाळीस नावं नेलती. म्हणते, "निमंत्रक एकच, तू. बाकी जागा मोकळी. अक्षरांना श्वास घेऊ दे." घ्या! अक्षराले पायबी पाह्यजेत अन् श्वासबी! तांडा गुदमरला तं गुदमरू द्या!

पत्रिका आर्णीले गेली भीमसिंगकडं. माहा साळा, वर्षाचा मामा. त्याले इंग्रजी वाचता येत नाही, पण रिकामी जागा बराबर वाचता येते! लगेच फोन, "दाजी, एवढं वावर पडीक ठेवलं, अन् माह्यं नाव पेरता नाही आलं? मी येत नाही लग्नाले!" आमची घरवाली जमनाबाई रडून राह्यली, "मामाबिगर पोरगी मांडवात उभी राहीन का?" वर्षाबी रडून राह्यली, मामाच्या खांद्यावर वाढली ना ते... पण रडता रडताबी म्हणते, "नाव एकच!" पोरीचं तोंड पाहून माहा जीव तुटला. म्हटलं, "अब्रारभाई, माह्यं काढा, त्याचं टाका."

आता भीमसिंग गाडीवर दारव्ह्यापर्यंत पत्रिका वाटून राह्यला! लोक म्हणतात, "वा, पोरीचं लग्न काढलं!" अन् तो हो म्हणते!

वर्षा मले समजावते, "बा, गॅरामाँडचंही असंच झालं. त्याची म्हणून गाजलेली कितीतरी अक्षरं मागून जानों नावाच्या माणसानं कोरली होती. तीनशे वर्षांनी एका बाईनं ते शोधून काढलं."

"मंग? बदललं का नाव?"

"नाही. गॅरामाँडच म्हणतात."

ऐकलं? पाय देणारा एक, मिरवणारा दुसरा! काल तं भीमसिंग माह्याच दारात आला, पत्रिकेले हळद-कुंकू लावून, हात जोडून म्हणते, "दाजी, सहकुटुंब या बरं, नाही म्हणू नका."

म्हटलं, येतो बा. एवढ्या प्रेमानं बोलावलं तं.